जुन्या १६१३ मध्ये कायम काय ठेवायचं : हत्यारं, सुटे भाग आणि अडीअडचणीचं सामान

घाटवाट

हा धागा फक्त मेकॅनिकल डिझेल पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी : टाटा १२१०, १६१२, १६१३, जुनं ४०७, जुनं लेलँड. नवीन बीएस-६ गाडीत सेन्सर बोंबलला की स्कॅनरशिवाय पान हलत नाही. जुन्या गाडीचं तसं नाही, बहुतेक वेळा तिला रस्त्याच्या कडेलाच पान्याने चालू करता येतं. पण योग्य पाना आणि दोन रुपयांचा वायसर जवळ असला तरच.

लासलगाव-पिंपळगावहून कांदा भरून कसाऱ्याने वाशीला उतरणारी भरलेली १६१३ (म्हणजे १६ टन, १३० हॉर्सपॉवरची) डोळ्यांसमोर ठेवून माझी यादी देतो. चुकलं असेल तिथे टोका.

पाने : ६ ते ३२ पर्यंत डबल पाने आणि रिंग पाने, दोन्ही. टाटाला सगळ्यात जास्त १०, १३, १७, १९, २२, २४ लागतात. १७ आणि १९ प्रत्येकी दोन ठेवा, कारण नट-बोल्ट दोन्ही बाजूंनी धरावा लागतो आणि नेमका तोच पाना एकच असतो. खूप जुन्या लेलँडला इंची पानेही लागतात, मिलिमीटरचा जवळपासचा पाना लावून नटाचे कोपरे मारू नका. बाकी पक्कड, लॉकिंग पक्कड, मोठा-छोटा पेचकस, दोन पौंडी हातोडा, छन्नी, टोचा, हॅकसॉ आणि चार ब्लेड, पाइप पाना, ग्रीस गन, फूटभर लांब पहार.

सुटे भाग : फॅन बेल्टचा पूर्ण जोड, रेडिएटरचे वरचा-खालचा होज आणि सहा क्लिपा, दोन्ही डिझेल फिल्टर, तांब्याचे वायसर सगळ्या मापांचे मिळून २०-२५, फ्यूज, बल्ब, इंजिन ऑइल ५ लिटर, पाणी २० लिटर, पाट्याचा (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) एक सेंटर बोल्ट, नटांसकट दोन यू-बोल्ट, बायंडिंग वायर.

बेल्टबद्दल एक गोष्ट लगेच सांगतो. चार्जिंगचा दिवा लागला आणि पाठोपाठ टेम्परेचरचा काटा चढायला लागला, तर दुसरं काही शोधू नका, बेल्ट गेलेला आहे. ज्या इंजिनाचा कंप्रेसर बेल्टवर चालतो तिथे हवाही भरायची थांबते. पुढच्या चढावर बघू म्हणत चालवलं तर हेड जाईल. नवीन बेल्ट घातल्यावर दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर १०-१२ मिमी आत गेला पाहिजे. त्याहून घट्ट केला तर वॉटर पंप आणि अल्टरनेटरचं बेअरिंग बसतं. तासभर चालल्यावर पुन्हा एकदा ताणून घ्या, कारण नवीन बेल्ट सैल पडतोच.

पाना_सतरा

यादी चांगली आहे, पण जॅक कुठे आहे?

भरलेल्या १६१३ च्या मागच्या धुऱ्यावर दहा टनांच्या आसपास वजन असतं. एक बाजू उचलायची म्हणजे त्याच्या निम्मं, पण कडेला उतार असतो, माल एका अंगाला कललेला असतो. म्हणून १५ ते २० टनांचा बाटली जॅक घ्या. ५ टनांचा ४०७ साठी ठीक, इथे नको.

जॅकखाली लाकूड हवंच : फूटभर लांब-रुंद, किमान दोन-अडीच इंच जाड, बाभळीचं किंवा सागवानी. पावसाळ्यात साइडपट्टीवरची माती जॅकचा तळ गिळते आणि अर्ध्यावर जॅक तिरपा होतो. असे दोन ठोकळे ठेवा, एक तळाला, एक उंचीला. जॅक डिफरन्शियलच्या पोटाखाली लावू नका. यू-बोल्टच्या शेजारी, धुऱ्याच्या सपाट भागाखाली लावा. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना कुणीही खाली शिरायचं नाही. काढलेलं चाक आडवं करून चासीखाली सरकवा, तोच दुसरा आधार.

क्रम : पाचरी (चाक घरंगळू नये म्हणून लावायचे ठोकळे), मग चाकाचे नट अर्धा आटा सैल, मग जॅक. उलटं केलंत तर लटकलेलं चाक फिरत राहतं आणि नट निघत नाही.

व्हील पान्याबरोबर साडेतीन-चार फुटांचा जाड पाइप ठेवा. नट आवळताना समोरासमोरचे आवळा, गोल फिरत आवळत जाऊ नका. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा आवळा. नटाभोवती गंजाची रेघ ओघळलेली दिसली तर तो नट सैल झालेला आहे, लगेच थांबा. काही जुन्या गाड्यांत डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. नट हलत नसेल तर पाइपावर चढण्याआधी स्टडच्या तोंडावर एल अक्षर कोरलंय का बघा.

कोकणमाल

पाचरी म्हणालात ते यादीत सगळ्यात वर टाका. लाकडाच्या नाहीतर रबराच्या चार. दोन पुरत नाहीत.

माझी कळकळीची विनंती : पाचर म्हणून किंवा मागच्यांना इशारा म्हणून रस्त्यावर दगड ठेवू नका. आपल्याकडे गाडी बंद पडली की मागे पाच-सहा दगड आणि झाडाची फांदी ठेवतात. गाडी दुरुस्त होते, निघून जाते, दगड तिथेच राहतात. रात्री खंबाटकीत किंवा कुंभार्लीत त्या दगडावर दुचाकी गेली की माणूस जातो. चाकामागे दगड लावावाच लागला तर निघताना उचलून गटारापलीकडे टाकणं क्लीनरचं काम नाही, ड्रायव्हरचं आहे.

त्याऐवजी दोन रिफ्लेक्टर त्रिकोण. ताशी ८० ने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. त्रिकोण १० मीटरवर ठेवला तर मागच्याला अर्धा सेकंदही मिळत नाही. साध्या रस्त्यावर ५० मीटर, दुभाजकवाल्या महामार्गावर १०० मीटर किंवा जास्त. घाटात गाडी वळणाच्या पुढे बंद पडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल असा. मीटर मोजायला टेप लागत नाही, मोठी पावलं मोजा. ठेवायला जाताना फ्लोरोसंट जॅकेट अंगात, टॉर्च हातात, आणि चालायचं ते साइडपट्टीच्या बाहेरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून.

जॅकेट दोन घ्या. क्लीनर पण माणूस आहे.

हवेचा_डबा

आतापर्यंत कुणी ब्रेकच्या हवेबद्दल बोललं नाही. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ खाते ती हीच गोष्ट.

मागच्या चाकांना स्प्रिंग ब्रेकचे डबे असतील तर हवा गेली की ब्रेक आपोआप लागतात. काटा साधारण ५ किलोच्या खाली गेला की बझर वाजतो, आणखी खाली गेला की गाडी जागेवर खिळते. बझर बंद पडला असेल तर आधी तो दुरुस्त करा, बाकी यादी नंतर.

जवळ ठेवा : आपल्या गाडीत असलेल्या प्रत्येक मापाचा नायलॉन पाइप दोन-दोन मीटर, त्या मापाचे जॉइंटर आणि ऑलिव्ह (सांध्यात पाइपावर आवळणारी कडी) प्रत्येकी दोन, एक ब्रेक होज, टेफ्लॉन टेप, आणि शाम्पूच्या दोन पुड्या. शाम्पूचं पाणी सांध्यावर टाकलं की गळती बुडबुड्यांनी दिसते. रात्री नुसत्या कानाने शोधत बसू नका. पाइप कापताना धारदार ब्लेडने काटकोनात कापा. पक्कडीने चिरडलेलं टोक जॉइंटरमध्ये बसतं, पण घाटात निसटतं.

पार्किंगच्या डब्याकडे जाणारी लाइन फुटली आणि गाडी रस्त्याच्या मधोमध अडकली, तर डब्याचा स्प्रिंग हाताने मागे घेता येतो. डबे दोन प्रकारचे आहेत. एकात रिलीज बोल्ट डब्याच्या मागेच बसवलेला असतो, तो पान्याने उलटा फिरवत बाहेर काढायचा. दुसऱ्यात बोल्ट डब्याच्या कुशीत खोचलेला असतो. मागचं रबरी बूच काढायचं, बोल्ट आत घालायचा, पाव आटा फिरवून अडकवायचा आणि मग नट आवळत जायचं. आपल्या गाडीचा कुठला आहे ते आज, अंगणात बघून ठेवा. तो बोल्ट अनेक जुन्या गाड्यांत नसतोच, कधीतरी कुणी काढून नेलेला असतो.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पहिली, बोल्ट फिरवायच्या आधी चारही पाचरी लावा. स्प्रिंग मागे घेतला की गाडीला पार्किंग ब्रेक उरत नाही. दुसरी, डब्याचा पट्टा कधीही खोलू नका. आतला स्प्रिंग दाबलेला आहे, तो सुटला तर झाकण तोफेसारखं येतं. असा ब्रेक मोकळा केलेली भरलेली गाडी घाट उतरवायची नाही. रस्त्यातून कडेला घेण्यापुरतीच.

पाना_सतरा

@हवेचा_डबा, टायरसाठीही हीच हवा वापरता येते, तेवढं लिहा. बरेच जण मागे कंप्रेसर वाहतात.

हवेचा_डबा

हो. अनलोडर व्हॉल्व्हवर टायर भरायचं तोंड असतं, त्याला विंग नटाचं झाकण. तिथे दहा-बारा मीटरचा होज लावायचा. लोक म्हणतात हवा येतच नाही. कारण टाकी पूर्ण भरलेली असते आणि अनलोडरने कंप्रेसरची हवा बाहेर सोडून दिलेली असते. चार-सहा वेळा ब्रेक दाबून काटा खाली आणा, कंप्रेसर पुन्हा भरायला लागला की होज लावा. इंजिन थोडं वरच्या फेऱ्यांवर ठेवा. अशी मिळणारी साडेसात किलोची हवा म्हणजे सुमारे १०७ पौंड. १०.००-२० मापाच्या १६ प्लाय टायरला ती वाशीपर्यंत नाही, पण पुढच्या टायरवाल्यापर्यंत पुरे. होजला १५० पौंडांपर्यंतचं गेज हवं. हातोडीने ठोकून हवा ओळखणं बंद करा. त्या आवाजाने टायर बसलाय एवढं कळतं, ७० आणि १०५ मधला फरक कळत नाही.

रिंगमास्तर

टायरचा विषय निघाला म्हणून. स्टेपनीबरोबर एक ट्यूब, एक फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी), टायर काढायच्या दोन पहारी, व्हॉल्व्ह पिन पाच आणि पिन काढायची चावी ठेवा.

जोडचाकात आतला टायर बसला आणि तसाच काही किलोमीटर चालला असेल, तर त्यात रस्त्यावर हवा भरू नका. साइडवॉल आतून चिरडलेली असते. नेहमीच्या हवेच्या ८० टक्क्यांखाली चाललेला टायर खोलून बघितल्याशिवाय भरायचा नाही, हा नियमच धरा. चाकाच्या रिमला तडा दिसत असेल तर नट सैल करायच्या आधी जोडीतल्या दोन्ही टायरच्या व्हॉल्व्ह पिना काढून हवा सोडा.

लॉक रिंगवाल्या (टायर रिमवर धरून ठेवणारी सुटी लोखंडी कडी असलेल्या) चाकात ट्यूब बदललीत तर भरताना रिंगची बाजू जमिनीकडे करा आणि चाकाला साखळी गुंडाळा. रिंग नीट बसलेली नसेल तर ४०-५० पौंडांवरच उडते, समोरच्या माणसाला वेळ मिळत नाही. वाकडी रिंग हातोड्याने, हवा असताना, ठोकून बसवणाऱ्याला थांबवा. तो टायरवाला कितीही अनुभवी असो.

मायको_पंप

आता डिझेल. गाडी चालू होते, दोन-तीन मिनिटं चालते, मग धापा टाकून बंद : ही हवा घेतल्याची खूण. पंप खराब नाही. टाकी कोरडी झाली, बॅन्जोचा (डिझेल पाइपाच्या पोकळ बोल्टवाल्या सांध्याचा) तांब्याचा वायसर चपटा झाला, फिल्टरच्या वाटीचा रबर कडक झाला, किंवा टाकीपासूनच्या रबरी पाइपला बारीक चीर गेली. ही चीर बाहेर गळत नाही, आत हवा ओढते, म्हणून फसवते.

हवा काढायची पद्धत : फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाची) घुंडी फिरवून मोकळी करा. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करा, घुंडीने पंप मारत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग तेच पंपाच्या अंगावरच्या ब्लीड स्क्रूला. तरी चालू होत नसेल तर दोन-तीन नोझल पाइपांचे नट नोझलकडच्या बाजूने एक आटा सैल करून स्टार्टर मारा, थेंब आले की आवळा. स्टार्टर एका वेळी १०-१५ सेकंद, मग मिनिटभर थांबा, नाहीतर हवा निघेपर्यंत बॅटरी जाईल. शेवटी घुंडी दाबून पुन्हा फिरवून बसवा, उघडी राहिली तर तिथूनही गळते.

फिल्टर बदलताना नव्या वाटीत डिझेल भरूनच चढवा, अर्धं काम वाचतं. वायसर जवळ नसेल तर जुना तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या, तो मऊ पडतो आणि पुन्हा एकदा चालतो. फीड पंपाच्या तोंडाशी जाळी असते, ती दर वेळी धुवा. टाकीचा गंज तिथे साठतो.

टाकीची लाइनच बसली असेल तर ५ लिटरचा कॅन आणि दोन मीटर डिझेल पाइप : पाइपाचं एक टोक कॅनमध्ये, दुसरं थेट फीड पंपाच्या तोंडाला.

घाटवाट

कॅनच्या जुगाडावर माझा आक्षेप आहे. लोक कॅन बोनेटमध्ये एक्झॉस्टशेजारी बांधतात. ५ लिटरने गाडी किती जाणार, तर १५-२० किमी.

मायको_पंप

आक्षेप मान्य. त्याचा खरा उपयोग निदानासाठी आहे. कॅनवर इंजिन सलग दहा मिनिटं चाललं तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये आहे, हे पक्कं होतं. मग लाइन फुंकायची, चीर शोधायची. कॅनवर गाडी चालवायची नाही.

त्याहून महत्त्वाचं : नोझल पाइप तडकला तर तो चिरडून किंवा बूच लावून बंद करू नका. प्लंजर तर दाब देतच राहतो, कोंडलं तर पंपच तुटतो. पाइप नोझलकडून सोडवून त्याला जाड रबरी नळी घट्ट बांधा, टोक इंजिनापासून लांब, मोठ्या कॅनमध्ये सोडा, आणि पाच सिलिंडरवर हळू जवळच्या गॅरेजपर्यंत जा. मध्ये मध्ये थांबून कॅन रिकामा करा. गळती शोधताना बोट लावू नका, पुठ्ठा धरा. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडीत शिरतं. तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी तडक हॉस्पिटल.

आणि अजून एक : इंजिन बंद करायची केबल तुटली तर घाबरून गिअर टाकून क्लच सोडू नका. पंपावरचा स्टॉपचा लिव्हर हाताने ओढला की इंजिन बंद होतं. तो कुठे आहे ते क्लीनरला आधीच दाखवून ठेवा.

वायरमन_जुना

बल्ब, फ्यूज घ्यायच्या आधी गाडी १२ व्होल्ट की २४ ते बघा. दोन बॅटऱ्या आहेत म्हणजे २४ असं नाही. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेला असेल तर २४, प्लस-प्लस आणि मायनस-मायनस असेल तर १२. पूर्ण भरलेली, थांबलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे जोडी २५.२. इंजिन चालू असताना २४ च्या गाडीत साधारण २८ यायला हवेत. पंचवीसच्या आसपासच घुटमळत असेल तर चार्जिंग नाही.

साधा मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प ठेवा. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा बल्ब, होल्डर, दोन मीटर वायर, एका टोकाला चिमटा. अर्थ गेलेली तार मल्टिमीटर कधी कधी चांगली दाखवतो, कारण त्याला जवळजवळ करंट लागतच नाही. बल्ब खोटं बोलत नाही. हेडलाइट मंद असतील तर नव्वद टक्के वेळा चासीच्या अर्थचा बोल्ट गंजलेला असतो, पॉलिश पेपरने घासा.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा लावा. चांदी, तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चमकी लावलेल्या जुन्या गाडीत वायरिंगच फ्यूज होतं, आणि मग केबिन जळते. बॅटरी सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. २४ च्या गाडीत मोबाइल किंवा टेपसाठी एकाच बॅटरीतून १२ काढू नका, एक बॅटरी उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन दोन्ही जातात.

स्टार्टरच्या टर्मिनलवर पेचकस टेकवून गाडी चालू करणं : गाडी गिअरमध्ये असेल तर ती खाली बसलेल्या माणसावरूनच जाते. न्यूट्रल स्वतः हलवून बघा आणि पाचर लावा, मगच.

आगीसाठी ४ ते ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर, आयएसआय शिक्क्याचा, काटा हिरव्यात. तो माल भरायच्या बाजूला नको, ड्रायव्हरच्या दारातून जमिनीवर उभं राहून हात पोचेल असा. महिन्यातून एकदा उलटा करून हलवा, खडखडाटाने पावडर तळाला दगड होते.

कोकणमाल

पाटा तुटण्याबद्दल कुणी सांगेल का? यादीत सेंटर बोल्ट आहे पण वापर कळला नाही.

पाना_सतरा

सेंटर बोल्ट तुटला की पाटे एकमेकांवरून सरकतात आणि धुरा तिरका होतो. गाडी एका बाजूला ओढते, मागचा टायर बॉडीला घासतो. यू-बोल्ट सैल राहिले की सेंटर बोल्ट तुटतो, म्हणून नवीन घालून यू-बोल्ट आवळले नाहीत तर तोही जाईल. मागचा मेन पाटा तुटला तर चासी जॅकने उचलून, धुरा आणि चासीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा साखळीने बांधून, ताशी २० ने जवळच्या पाटेवाल्याकडे जाता येतं. पुढचा मेन पाटा तुटला तर एक मीटरही नाही. पुढचा धुरा सरकला की स्टिअरिंग हातात राहत नाही.

ओढून न्यायची वेळ आली तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवा. इंजिन बंद असताना चाकं फिरली तर गिअरबॉक्सला तेल मिळत नाही. पण शाफ्ट काढला की गिअरमध्ये टाकलेली गाडीही मोकळी होते, आणि हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असेल तर तोही गेला. पाचरी, पुन्हा पाचरी. घाटात दोर नको, लोखंडी दांडाच हवा.

घाटवाट

सगळ्यांचं घेऊन यादी सुधारतो आहे. नंबर : अपघातात ११२ किंवा १०८, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. समृद्धी आणि पुणे एक्स्प्रेसवे राज्याच्या महामंडळाचे आहेत, त्यांचे नंबर रस्त्यावरच्या पाट्यांवर असतात, निघताना टिपून घ्या. प्रथमोपचाराच्या पेटीत चार इंची रोलर बँडेज सहा, गॉझ भरपूर आणि कात्री. पेटीत निव्वळ कापूस-आयोडीन असतं, त्याने रक्त थांबत नाही.

शेवटचा प्रश्न : चासीवरची पेटी की केबिन?

रिंगमास्तर

जड सामान चासीवरच्या पेटीत : जॅक, साखळी, पहारी, ठोकळे. जॅक उभा, स्क्रू बंद करून, नाहीतर तेल गळून ऐन वेळी अर्धाच चढतो. पेटीच्या तळाला दोन भोकं पाडा, पावसाळ्यात पाणी निघून जाईल. पाने तेलाच्या फडक्यात गुंडाळून, गोणपाटाच्या थैलीत, क्लीनरच्या सीटखाली, थैली बांधलेली. बोनेटवर किंवा डॅशबोर्डवर सुटा पाना नको, जोरात ब्रेक लागला की तो काचेकडे किंवा पेडलखाली जातो. पाचरी आणि त्रिकोण मात्र दोन्हीकडे नकोत. ते दाराशेजारी, अंधारातही हाताला लागतील असे.